पुडी, पंप आणि माणूस

साशंक : यवतमाळ जिल्ह्यात टिकाऊ शेतीची चर्चा २०१७च्या खरिपाला वळसा घालून होऊ शकत नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी घातली. पण गावात सर्वांत जास्त दिसला तो उपाय वेगळा होता : मास्क, हातमोजे, चष्मा आणि ॲप्रन यांचे किट, आणि ते वापरा असे सांगणाऱ्या सभा. या उपायामागे एक गृहीतक आहे. माणसाला धोका ठाऊक नव्हता म्हणून तो तसा वागला. धोका समजावून सांगितला की वेगळा वागेल. मानवी वर्तनाच्या अभ्यासात हे गृहीतक वारंवार उघडे पडले आहे. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला टाकीत विष आहे हे कुणी सांगावे लागत नाही. आपल्याकडे त्याला औषध म्हणतात, तरी ते काय करते हे प्रत्येक घराला माहीत आहे. तो मास्क लावत नाही, कारण उघडीप पडलेले ऑगस्टचे ऊन, कपाशीच्या ओळींत कोंडलेली वाफ आणि पाठीवर पंधरा-सोळा लिटरचे ओझे अशा अवस्थेत प्लास्टिकचा ॲप्रन घालून तासभरही काम निभत नाही. मजुरी टाकीमागे ठरलेली असेल तर थांबणे म्हणजे मजुरी बुडवणे. नोझल तुंबले की तो ते काढतो आणि तोंडाने फुंकतो. सभेत बसून त्याने हे करू नये असे ऐकलेले असते. शेतात त्याच्या हाताशी दुसरे काही नसते.

उत्साही : सभा आणि शिक्षण यांना तुम्ही एकाच मापाने मोजता आहात. सभेत माणूस ऐकतो; शेतीशाळेत तो मोजतो. कामगंध सापळा लावायचा, रोज सकाळी त्यात अडकलेले पतंग मोजायचे, सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग मिळाले तरच फवारणीचा विचार करायचा. फुले बघायची, पाकळ्या उमलण्याऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिल्या असतील तर ती डोमकळी, तिच्या आत गुलाबी बोंडअळी आहे, ती तोडून नष्ट करायची. हे करणाऱ्या माणसाच्या डोक्यात केवळ माहिती वाढत नाही, तर निर्णय कशावर घ्यायचा तेच बदलते. पूर्वी तो शेजाऱ्याचा पंप वाजला की फवारायचा. आइसेक आयझेन यांनी १९८५ मध्ये मांडलेला नियोजित वर्तनाचा सिद्धांत हेच सांगतो : माणसाचा इरादा तीन गोष्टींवर उभा राहतो. त्या कृतीबद्दलचे त्याचे मत, भोवतालच्या लोकांना काय पटेल याचा त्याचा अंदाज, आणि हे आपल्याला जमेल का याची त्याची खात्री. पत्रक फक्त पहिल्याला हात घालते. पंचवीस शेतकऱ्यांची शेतीशाळा तिन्हींना घालते, कारण तिथे शेजारीही सापळा मोजत असतो. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी १९८९ पासून अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने अशा शाळा सुरू झाल्या आणि तिथून त्या जगभर गेल्या. यवतमाळचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही शेतीशाळा हा मुख्य भाग आहे.

साशंक : इंडोनेशियाची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. तिथे शाळा १९८९ मध्ये आल्या. त्याआधी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरची ५७ कीटकनाशके बंद झाली होती. म्हणजे दुकानातले फळकूट आधी रिकामे झाले, शिक्षण नंतर आले. यवतमाळमध्ये क्रम उलटा आहे. शेतीशाळेतून बाहेर पडलेला माणूस त्याच कृषी सेवा केंद्रात जातो, जिथे त्याची मृगापासूनची उधारी आहे. आठ पतंगांचा हिशेब त्याच्या खिशात असतो, पण काउंटरवर बोलणारा माणूस त्याचा सावकारही आहे आणि सल्लागारही. तो एका बाटलीसोबत दुसरी देतो, वर वाढीचे टॉनिक देतो, आणि तिन्ही एकाच टाकीत मिसळायला सांगतो. नाही म्हणायचे तर उधारी मिटवून नाही म्हणावे लागेल. वर्तन त्या उधारीच्या वहीत ठरते, डोक्यात ठरत नाही.

उत्साही : उधारीची पकड नाकारण्याचे कारण नाही. पण दुकानदारालाही शिकवता येते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने निविष्ठा विक्रेत्यांसाठी पदविका अभ्यासक्रम २००३ मध्ये सुरू केला, तो याच विचाराने की गावात शेतकऱ्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा भेटणारा कृषी सल्लागार म्हणजे हा दुकानदार. सेंद्रिय किंवा नैसर्गिक शेती ही कल्पना म्हणून सोडून द्यायची नसेल, तर जिल्ह्यातच डोळ्यांसमोर उदाहरण आहे. सुभाष शर्मा यांनी १९९०च्या दशकात रासायनिक शेती सोडली. जनावरे, झाडे, बांधावर अडवलेले पाणी आणि जमिनीतले जीवजंतू यांच्या आधारावर शेत उभे केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे शेत बघायला माणसे येतात आणि बदलून जातात.

साशंक : काही जण बदलून जातात, आणि ते मोलाचे आहे. पण एका शेताच्या यशावरून जिल्ह्याबद्दल निष्कर्ष निघत नाही. चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कपाशी असलेल्या, बहुतांश कोरडवाहू जिल्ह्यात असाधारण चिकाटीच्या माणसाला जे जमले ते साधारण माणसाला का जमत नाही, हा खरा प्रश्न. संशोधन सुरू होते ते तिथे.

वाद इथवर आला की त्याला एक ठोस उदाहरण लागते, आणि कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटातच ते मिळते. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा अट होती : बीटीच्या भोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी आश्रय पिकाची लागवड. कारण सरळ होते. विषाला सरावलेल्या थोड्या अळ्यांचे पतंग न सरावलेल्या पतंगांशी मिलन करत राहिले तर प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत पसरायला वेळ लागतो. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी येऊ लागली. ती पुडी बहुतेक ठिकाणी पेरली गेली नाही. पाच एकरांच्या शेतात पाचवा हिस्सा अळीसाठी सोडणे म्हणजे आजचा पक्का तोटा सोसून कधीतरी सर्वांना मिळणारा लाभ विकत घेणे. आणि शेजाऱ्याने पुडी पेरली नाही तर तोही लाभ नाही. अनेकांना वाटे की कपाशीत तूर असतेच, तिनेच आश्रयाचे काम भागते. हिरव्या बोंडअळीपुरते ते काही अंशी खरे होते. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते, तिला तुरीचा काही उपयोग नाही. गुजरातमध्ये २००८ नंतर पहिल्या पिढीच्या बीटीला ही अळी दाद देईनाशी झाली, मग दुसऱ्या पिढीलाही, आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने बोंडे पोखरली. जास्त फवारणी, उंच वाढलेली कपाशी, डोक्याच्या वर जाणारे तुषार आणि विषबाधा ही साखळी एकाच वर्षात दिसली. २०२० च्या सुमारास वेगळी पुडी जाऊन बिगर-बीटी बियाणे बीटीतच मिसळलेले एकच पाकीट आले.

उत्साही : हेच उदाहरण वर्तनाच्या अभ्यासाच्या बाजूने सर्वांत बोलके आहे. अठरा वर्षे माणसाला समजावले, त्याने ऐकले नाही. मग पाकिटाची रचना बदलली आणि न समजावताही आश्रय पीक शेतात गेले. थेलर आणि सनस्टीन यांनी २००८ मध्ये ज्याची चर्चा सुरू केली ती हीच दिशा : निवड हिरावून न घेता योग्य गोष्ट सर्वांत सोपी करायची. फवारणीच्या बाबतीतही हेच करता येईल. नोझल तुंबल्यावर फुंकावे लागू नये म्हणून पंपासोबत तारेची पिन आणि जास्तीचे नोझल द्यावे. बाटलीच्या झाकणात मोजमाप असावे म्हणजे अंदाजाने ओतणे थांबेल. राज्यात काही वर्षे बीटी बियाण्याची विक्री १ जूनपर्यंत रोखून धरली गेली, ती पद्धत त्याच जातीची. मेमध्ये लागवड झालीच नाही तर जमिनीतून लवकर निघालेल्या पतंगांना खाद्य मिळत नाही. कुणाला व्याख्यान द्यावे लागले नाही, तारीख बदलली.

साशंक : तारीख बदलली की सीमेपलीकडची दुकाने दिसू लागतात. यवतमाळचा शेतकरी तेलंगणाच्या हद्दीवर राहतो. इकडे बियाणे मिळाले नाही तर तिकडे आहे, आणि चोरबीटी, म्हणजे परवानगी नसलेले बीटी बियाणे, दारापर्यंत येते. पाकिटाच्या उदाहरणाचा दुसरा भागही पाहायला हवा. मिसळलेल्या बियाण्याने आश्रय पीक शेतात गेले, पण तोवर बोंडअळीची प्रतिकारशक्ती देशाच्या बऱ्याच भागांत पसरली होती. अठरा वर्षे सगळा दोष ज्याच्या पदरात टाकला गेला तो पुडी न पेरणारा शेतकरी. याच काळात भारताने बीटी कपाशी जवळपास पूर्णपणे संकरित रूपात विकली, जगात कुठेही असे झाले नाही. संकरित झाडाच्या बोंडातले बियाणे पुढच्या पिढीचे असते, त्यात काही सरक्यांत विष असते, काहींत नसते. सरकी खाणारी अळी विषाचा अर्धवट डोस घेत वाढते, आणि अर्धवट डोस म्हणजे प्रतिकारशक्तीची शाळा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा जोराने मांडला आहे. त्यात लांब मुदतीचे वाण, आणि डिसेंबरनंतर पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवलेली फरदड. अळीला वर्षभर घर मिळाले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, ही त्या व्यवसायाची गरज होती. शेतकऱ्याच्या वर्तनावर कितीतरी अभ्यास झाले. कोणते वाण विकायचे हे ठरवणाऱ्या टेबलावरच्या वर्तनावर किती झाले?

उत्साही : हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे, आणि तो दुसऱ्या देशांतल्या अनुभवाने अधिक टोकदार होतो. चीनमध्ये काही भागांत शेतकऱ्यांनी संकराची दुसरी पिढी स्वस्तात पेरली. त्यात सुमारे पाव हिस्सा झाडे पूर्णपणे बिगर-बीटी निघाली, आणि न ठरवता आश्रय पीक तयार झाले. गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती तिथे मागे हटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कापूस उत्पादकांनी स्वतःच्या संघटनेमार्फत, नांगरटीच्या तारखांपासून नपुंसक पतंग सोडण्यापर्यंत सगळे एकत्र केले. २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने ही अळी देशातल्या कपाशी क्षेत्रातून निर्मूलित झाल्याचे जाहीर केले. एकीकडे अपघात, एकीकडे शिस्त. दोन्हीकडे निर्णय एकट्या शेतकऱ्याच्या सद्‌बुद्धीवर टांगलेला नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवले होते की सामाईक साधन टिकवणारी माणसे संत नसतात. त्यांनी नियम स्वतः केलेले असतात, एकमेकांवर नजर असते, आणि नियम मोडणाऱ्याला आधी हलका, मग जड दंड असतो. अळीची संवेदनशीलता हे पाण्यासारखेच सामाईक साधन आहे. शेजारच्या तेलंगणातील पुनुकुला गावाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कीटकनाशकमुक्त होण्याचा निर्णय गाव म्हणून घेतला, शेतकरी म्हणून नव्हे. यवतमाळमध्ये एका शिवाराची फरदड एका दिवशी उपटली जाणे हे एका शेतकऱ्याने वीस टक्के आश्रय पीक पेरण्यापेक्षा मोठे काम आहे.

साशंक : गावाने निर्णय घ्यायचा तर गावाजवळ श्वास घेण्याएवढी फुरसत हवी. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा २०१३ मधला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. त्यांनी तामिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादकांची आकलनक्षमता पिकाचे पैसे येण्याआधी आणि आल्यानंतर तपासली. तीच माणसे, पण पैशाच्या ओढाताणीत त्यांची कामगिरी उतरलेली होती. अशा अभ्यासांच्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले आहेत, पण जे त्यात मोजले ते विदर्भातल्या जून-जुलैशी ताडून पाहण्यासारखे आहे. दुबार पेरणी, बँकेचा हप्ता, शाळेची फी, उधारी, आणि त्याच आठवड्यात सापळ्यातले पतंग मोजा. टिकाऊपणाचा विचार सर्वांत जास्त मागितला जातो तो नेमका माणसाजवळ सर्वांत कमी उरलेल्या दिवसांत.

उत्साही : मग मागण्याची वेळ बदला. डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियात हेच करून पाहिले. पीक विकल्याबरोबर, हातात पैसा असताना, घरपोच खत आधीच विकत घेण्याची सोय दिली, आणि खताचा वापर वाढला. आपल्याकडे सापळे, मास्क आणि जैविक कीटकनाशके जूनमध्ये वाटली जातात. ती कापूस विकल्यावर, बाजार समितीच्या आवारातच, पुढच्या हंगामासाठी नोंदवता येतील.

साशंक : तुमच्या प्रत्येक उत्तरात फळीवरची बाटली जागेवरच राहते. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात उतरले. तिथल्या माणसांचे मन बदलायला कुणी गेले नव्हते.

उत्साही : त्याच श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली, भात आणि चहा कोसळले, आणि सात-आठ महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. पहिली बंदी चालली, कारण ती मोजक्या विषांवर होती, पर्याय हाताशी होते, आणि मधे वर्षे होती. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ मध्येच बंदी होती, तरी ते दुकानात कपाशीच्या नावाने होते. आणि दुकानातून बाहेर पडल्यावर बाटलीला पिकाचे नाव राहत नाही. म्हणून बंदी हवी का हा प्रश्न आता जुना झाला. बंदी कशी अमलात येते, कोण तपासतो, आणि तपासणारा काय मोजतो, हा प्रश्न उरला आहे.

साशंक : तो काय मोजतो, इथेच संस्थांच्या वर्तनाचा अभ्यास हवा. ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये सांगितलेली तत्त्वे आणि वापरातली तत्त्वे यांत फरक केला; संस्थांनाही तो लागू पडतो. कृषी खाते सांगते, विषबाधा होऊ नये. वापरात काय असते? अहवालात किती सभा, किती किट, किती लाभार्थी. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात, त्याला वर पाठवायचा असतो तो आकडा. सभेचा फोटो आकडा होतो. न झालेल्या विषबाधेचा फोटो निघत नाही. शाश्वत कापसाच्या जागतिक योजनांतही हेच घडते. शेतकऱ्याच्या नोंदवहीत फवारण्यांची संख्या लिहिलेली असते, पण जिथे एकूण तोलाच्या पद्धतीने, म्हणजे शाश्वत आणि साधा कापूस वेगळा न ठेवता फक्त एकूण वजन जुळवून, हिशेब चालतो, तिथे ‘शाश्वत’ म्हणून विकलेला धागा प्रत्यक्ष त्याच शेतातला असेलच असे नाही. हिशेब जुळतो, शेत जागच्या जागी राहते. कर्मचारी प्रामाणिक असूनही असे होते, कारण तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

उत्साही : मग विचारलेला प्रश्न बदलावा. मोजायचेच असेल तर तालुक्यात लाल त्रिकोणाच्या, म्हणजे सर्वांत विषारी गटातल्या, किती बाटल्या विकल्या गेल्या ते दुकानाच्या साठा नोंदवहीवरून मोजावे. त्याहून पुढे जायचे तर माणसाचे रक्त मोजावे. सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. लाळ सुटणे, बाहुल्या बारीक होणे, डोळ्यांपुढे धूसर होणे ही लक्षणे त्यातूनच येतात. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी विषे हाताळणाऱ्या शेतमजुरांची ही तपासणी सक्तीची आहे. हंगामाआधी मूळ पातळी घ्यायची. हंगामात ती ऐंशी टक्क्यांखाली गेली की मालकाने कामाची पद्धत तपासायची, आणखी खाली गेली की माणसाला त्या कामावरून काढून दुसरे काम द्यायचे. मास्क लावला का, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. शरीरच सांगते व्यवस्था चालली की नाही. अशी तपासणी आपल्या ग्रामीण रुग्णालयांत जुलै ते ऑक्टोबर सुरू राहिली, तर २०१७ची पुनरावृत्ती मृत्यूच्या आधी काही आठवडे दिसेल.

साशंक : आजवरच्या चर्चेतला हा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि म्हणूनच त्याची अडचण स्पष्ट सांगायला हवी. कॅलिफोर्नियाच्या नियमात ‘मालक’ नावाचा माणूस आहे. त्याच्या कंपनीची नोंद आहे, त्याच्याकडे मजुरांची यादी आहे, दंड त्याला होतो. यवतमाळमध्ये मालक कोण? चार एकरांचा शेतकरी, जो स्वतः दुकानाचा देणेकरी आहे, तो शेजारच्या माणसाला टाकीमागे पैसे देऊन फवारणी करून घेतो, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो. फवारणारा माणूस सकाळी एका बांधावर, दुपारी दुसऱ्या बांधावर असतो. तिथे कोणती बाटली होती हे त्याला माहीत नसते, कारण द्रावण शेतमालकाने आधीच ड्रममध्ये कालवलेले असते. दुकानाच्या नोंदवहीत खरेदीदाराचे नाव आहे. शेतीशाळेत नाव येते ते बहुधा सातबाऱ्यावरच्या खातेदाराचे. पाठीवर पंप घेणाऱ्याचे नाव यांतल्या एकाही कागदावर नाही. टिकाऊपणाचे संशोधन, संस्थांचे अहवाल आणि वर्तनाचे सिद्धांत हे सगळे ज्याला शेतकरी म्हणतात त्याच्याभोवती फिरते, आणि विष सर्वांत आधी त्याच्यापर्यंत पोचते ज्याला कुणी शेतकरी म्हणत नाही.

उत्साही : मग पहिला रकाना तोच हवा. फवारणारा कोण. तो ग्रामपंचायतीत जून महिन्यात भरता येईल. फवारणीला जाणाऱ्यांची यादी, प्रत्येकाचे एक कार्ड, त्यावर रक्ताची मूळ पातळी.

साशंक : यादीत नाव आले की त्याला काम मिळेल की तुटेल, हे आज सांगता येत नाही. पातळी खाली गेलेल्या माणसाला दुसरे काम द्यायचे म्हटले, तर कपाशीला अळी लागलेल्या आठवड्यात गावात दुसरे काम असते ते निंदणाचे, आणि त्याची मजुरी फवारणीपेक्षा कमी.

उत्साही : तो फरक कुणी भरून द्यायचा, हे ठरल्याशिवाय कार्ड छापू नये, हे खरे.

साशंक : आणि ते ठरवायला कोण बसणार, हेही.